सदामामांचा नवा मासा

हिंगाचा वास आला की मला स्वयंपाकघर आठवत नाही. सदामामांची मोटार आठवते. कणीक, हिंग आणि ठेचलेली बडीशेप यांचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ते गिअरजवळ ठेवतात. हैदराबादेतल्या कुकटपल्लीहून निघालेली गाडी संगारेड्डी गाठेपर्यंत तो वास आमच्या केसांत, लग्नाच्या साड्यांत, डब्यातल्या पोळ्यांतसुद्धा शिरलेला असतो. मामांच्या घरात मासा कधी शिजला नाही. पण मामांना गळाला लागलेला मासा हवा असतो, आणि तोही नव्या जातीचा.

रस्त्याकडेला पाणी चमकले की गाडी आपसूक डावीकडे कलू लागते. "दोन मिनिटं," मामा म्हणतात. नदी, तलाव, मोरीखालचे साचलेले डबके, कशाचाही विटाळ नाही. आम्ही सगळ्या जरीचे काठ सावरत बाभळीच्या विरळ सावलीत उभ्या राहतो आणि मामा इस्त्रीची पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून काठावर बसतात. मासा लागला की मिठाईच्या पारदर्शक डब्यात पाणी भरून त्याला त्यात ठेवायचे, बाजूने एक फोटो काढायचा आणि दोन्ही हातांनी पाण्यात सोडून द्यायचे. मात्र ती जात पूर्वी मिळालेली असेल तर फोटोचाही मान नाही. "हा झालेला आहे," एवढेच ते म्हणतात; अर्ज चुकीच्या खिडकीवर आणणाऱ्याला कारकून परत पाठवतो त्या आवाजात.

"लोकं देवळं बघत जातात, आमचे हे मोऱ्या बघत जातात," शांतामामी म्हणतात. "परवा नवरदेवाला आहेर द्यायला गेले, तर पोरगं नाक धरून मागं सरलं!"

हे खूळ मामांना जडले ते विनयमुळे. विनय त्यांचा एकुलता मुलगा. चांगली चालून आलेली नोकरी नाकारून तो माशांचा अभ्यास करायला केरळात निघाला, तेव्हा मामा भरल्या पंगतीत म्हणाले होते, "तळ्याकाठी बसून मासे मोजणार! लोकांना काय सांगू मी?" तो पानावरून उठला. त्यानंतर तो फक्त आईशी बोलतो, दर रविवारी, फोनवर. तेवढा वेळ मामा शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसतात. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नाही.

पुढे कधीतरी एका तलावाकाठी कुणाच्या तरी गळाला लागलेल्या माशाचा फोटो काढून मामांनी विनयला पाठवला. सोबत एक अक्षर नाही. मिनिटाभरात उत्तर आले: त्या माशाचे नाव, बस्स. मामा दिवसभर घरात ते नाव पुटपुटत हिंडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसल्याच माशाचा फोटो पाठवला. उत्तर आले नाही. त्यावरून मामांनी नियम काढला की नव्या माशालाच उत्तर मिळते. विनय त्या दिवशी कामात असेल, विसरला असेल, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवली नाही. आयुष्यभर कारखान्यात मालाची तपासणी केलेल्या माणसाला नाकारलेला माल पुन्हा पाठवायची सवय नव्हती.

जवळचे मासे संपत गेले, तसतसे आमचे प्रवास लांबत गेले.

गेल्या माघात नांदेडचे लग्न आटोपून आम्ही परतत होतो. मामा, मामी, मी आणि माझी मुलगी ईरा. विनय पुढच्या आठवड्यात परदेशी निघणार होता, काही वर्षांसाठी. ही बातमी मामांना रविवारच्या फोनमधून, वर्तमानपत्राच्या आडून कळलेली. दिवाळीपासून नवा मासा मिळाला नव्हता. देगलूरच्या अलीकडे दोनदा थांबलो. दोन्हीकडे झालेलेच निघाले.

"आजोबा, विनयमामाला सिंपल हाय टाका ना," ईरा म्हणाली.

"हाय म्हणजे काय? त्याचं उत्तर काय द्यायचं असतं?" मामांनी खरोखरच विचारले.

मांजरा नदीच्या पुलाशी गाडी कलली तेव्हा ऊन पिवळे पडले होते. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलाला कुजत्या गवताचा, थंड लोखंडासारखा वास होता. मामी उतरल्या नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "आज तरी लागू दे बाई एखादा." त्यांच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकले.

मी मामांच्या मागे उतरले. बराच वेळ दोरी नुसती वाऱ्याने हलत होती. शेळ्या वळवणारा एक म्हातारा थांबून पाहत राहिला.

"क्या होना साब?"

"नई मच्छी होना."

"इस पानी में कायकी नई साब? वोइच है, रोज की."

तेवढ्यात दोरी ताणली. मामांनी ओढले. वीतभर रोहू, ओला, रुपेरी, तोंड उघडे-मिटे करणारा. मामांनी तो फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. जणू दुसऱ्या बाजूने तो वेगळा निघणार होता. मग गळ सोडवून त्यांनी त्याला पाण्यात ठेवले. हाही झालेलाच होता. वाकलेले तसेच राहिले, रिकामे हात पाण्यात बुडवून. शेळ्यांच्या गळ्यांतल्या घंटा लांब जात विरून गेल्या.

मी फोटो काढला. का, ते सांगता येणार नाही. नंतर त्यांच्याजवळ उकिडवी बसून मी तो त्यांच्यापुढे धरला. चिखलाने भरलेली पँट, विरळ झालेले केस, पाण्यातले दोन हात.

"यात मासा नाही," मामा म्हणाले.

"नाही."

"मग हे तो काय म्हणून ओळखेल?"

"मामा, विनयला पाठवू?"

त्यांनी हात शर्टाला पुसले. पुलावरून एक ट्रक गेला आणि पाणी बारीक थरथरले. ते फोटोकडे पाहत राहिले, तपासणीला आलेल्या वस्तूकडे पाहावे तसे, सावकाश, एकेक दोष टिपत. मग मान वळवून, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पाठव."