ज्याची त्याची कवळी

कवळीकाका त्या सोमवारी कामावर आले, तेव्हा डॉक्टरबाई एक रंगीत माहितीपत्रक चाळत बसल्या होत्या. त्यात तयार कवळ्यांचे फोटो होते. लहान, मध्यम आणि मोठी, अशी तीन मापं. पेशंटचा जबडा मोजायचा, खोक्यातून त्या मापाची कवळी काढायची, की झालं काम.

काका एकतीस वर्षं त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून एकेक कवळी हातानं घडवत होते. आधी बाईंच्या वडिलांसाठी आणि आता बाईंसाठी. त्यांचं खरं नाव फक्त मतदार यादीत उरलं होतं.

"बाई, या काय चपला आहेत का?" काका म्हणाले. "माणसागणिक जबडा वेगळा. एकाची कवळी दुसऱ्याला बसली ना, तर मी हे काम सोडून देईन."

बाईंनी वाद घातला नाही. या आठवड्यात काकांच्या दोन कवळ्या जायच्याच होत्या, एक मास्तरांची आणि एक बसच्या ड्रायव्हरची. पुढच्या सोमवारी दोघांनाही तपासायला बोलावू, त्यांची काही तक्रार नसेल तर मागची खोली तुमची, नाहीतर तीन मापं मागवू, असं त्यांनी सांगून टाकलं. काकांनी छाती पुढे काढून ते मान्य केलं.

घरी गेल्यावर काकांनी हे सगळं काकूंना तिखटमीठ लावून सांगितलं. काकू आणि काका दोघांच्याही तोंडात काकांच्याच हातच्या कवळ्या होत्या. रात्री त्या दोन वाट्यांत पाण्यात पडत आणि सकाळी काकू त्या धुऊन ज्याची त्याला देत. जगात दोन जबडे सारखे नसतात, हे वाक्य काकूंनी लग्नानंतर साधारण चार हजार वेळा ऐकलं होतं. "तुम्ही म्हणता तर तसंच असेल," एवढंच त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या कवळीत एक गंमत होती. त्यांचा पुढचा एक दात जन्माचा वाकडा होता आणि नव्या कवळीतही तो तसाच हवा, असा त्यांनी हट्ट धरला होता. तेहतीस वर्षं पोरांनी हा दात बघितलाय, उद्या रस्त्यात कुणी ओळखलं नाही तर मी कोण, असा त्यांचा सवाल होता. ड्रायव्हरचं नेमकं उलटं. त्याला डेपोत गाड्या लावतात तसे एका ओळीत दात हवे होते. काकांनी दोघांच्या मनासारखं केलं आणि दोन सारख्या डब्यांत दोन कवळ्या ठेवून वर नावं लिहिली.

गुरुवारी बाई बाहेरगावी होत्या आणि काका स्वतःच्याच चष्म्यावर बसले. दुसरा कुणी असता तर पेशंटना उद्या या म्हणाला असता. काका म्हणाले, माझ्या बोटांना डोळे आहेत. मास्तर आणि ड्रायव्हर एकदमच आले. काकांनी डबे चाचपले, एक याच्या हातात दिला, एक त्याच्या. दोघांनी तिथल्या तिथे कवळ्या चढवल्या, कटकट वाजवून बघितल्या आणि खुशीत निघून गेले.

शनिवारी नवा चष्मा घालून काका बसमध्ये चढले. ड्रायव्हरनं वळून त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडभर हसला. पुढचा दात वाकडा होता.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्यांनी भीत भीत विचारलं, कशी बसतेय?

"जन्मापासून तोंडात असल्यासारखी," ड्रायव्हर म्हणाला. "बायको म्हणते, तुमच्या तोंडाला पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं आलंय."

पुढच्याच थांब्यावर उतरून काका तडक मास्तरांकडे गेले. मास्तर सफरचंद खात होते. काकांना बघून त्यांनी ओठ वर केला आणि पुढच्या दातावर बोट ठेवलं.

"हा बघा. तोच दात, तोच वाकडेपणा. आरशात बघितलं आणि स्वतःची ओळख पटली."

काकांनी बघितलं. दात पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता.

आता शहाण्या माणसानं इथे तोंड मिटलं असतं. दोघंही सुखात होते, सोमवारी तक्रार येणार नव्हती, मागची खोली शाबूत होती. पण काका शहाणे नव्हते, कारागीर होते. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात खुशाल सफरचंद खातेय, हे त्यांना सोसेना. दोघंही चुकीच्या सुखात आहेत आणि आपण त्यांना तिथून बाहेर काढणारच, असा त्यांनी निश्चय केला.

रविवारी सकाळी ते दोन्ही घरी गेले. नव्या कवळीला एकदा पॉलिश लागतं, अशी शुद्ध थाप मारून त्यांनी दोन्ही कवळ्या ताब्यात घेतल्या. सुट्टीच्या दिवशी दोन घरांतली दोन माणसं बोळकी घेऊन पातळ खिमट गिळत बसली. संध्याकाळी काकांनी ज्याची कवळी त्याला नेऊन दिली आणि घरी येऊन गाढ झोपले.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच दोघं पायरीवर हजर होते. ड्रायव्हरचा एक गाल सुजला होता. मास्तर नुसते धुमसत होते.

"ही माझी नाही," मास्तर बाईंना म्हणाले. "हिरडीला टोचते. आणि हा दात बघा, वेड्यासारखा दिसतोय मी."

"माझीपण नाही," ड्रायव्हर म्हणाला. "दुकानातल्या पुतळ्याचे दात आहेत हे."

बाईंनी ड्रॉवर उघडून माहितीपत्रक बाहेर काढलं. एकतीस वर्षांची खोली, ते प्लॅस्टरचे साचे, ती खिडकी, सगळं काकांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी दोन्ही कवळ्या मागून घेतल्या, मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि नळ सोडला. करायचं काहीच नव्हतं. ते नुसते नळाकडे बघत उभे राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी मास्तरांच्या हातात ड्रायव्हरची कवळी दिली आणि ड्रायव्हरच्या हातात मास्तरांची.

दोघांनी चढवल्या. दोघांचेही चेहरे निवळले.

"हां, ही माझी," दोघंही म्हणाले.

"काय केलंत काका?" बाईंनी विचारलं.

"काल पॉलिशला नेल्या, तेव्हा अदलाबदल झाली होती," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "माझीच चूक."

बाईंनी थोडा विचार केला. एका रात्रीच्या अदलाबदलीनं दोन माणसांचे हे हाल, तर तीन मापांत अख्खं गाव कसं बसवायचं? त्यांनी माहितीपत्रक कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. "तुमचंच खरं, काका," त्या म्हणाल्या. "ज्याची त्यालाच बसते."

काका जिंकले होते आणि त्यांना भयंकर वाईट वाटत होतं. घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळं खरं सांगून टाकलं. एकाची कवळी दुसऱ्याला बसली, एवढंच नाही, तर स्वतःचीच टोचली. शब्दाला जागायचं तर उद्यापासून कामावर जायला नको, असंही म्हणाले.

काकू शेंगदाणे सोलत होत्या. "त्यात एवढं काय?" त्या म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी माझी कवळी टोचायला लागली होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जिवाला लावून घेतलं असतं. म्हणून एक दिवस सकाळी मी तुमची घातली. छान बसली. माझी तुमच्या वाटीत ठेवली. तुम्ही काही बोलला नाहीत, मग मीही नाही बोलले."

"म्हणजे आत्ता माझ्या तोंडात..."

"माझी."

काका उठले. आरशापुढे उभं राहून त्यांनी तोंड उघडलं, बोटानं चारी बाजूंनी कवळी चाचपली. मग मूठभर शेंगदाणे घेऊन आधी डावीकडून चावून बघितले, मग उजवीकडून. खोट काढायचीच, असा त्यांचा निर्धार होता. पण कुठेही टोचत नव्हतं.

"मनाला लागलं का तुमच्या?" काकूंनी विचारलं. "आणा इकडे, परत बदलून देते."

काकांनी चटकन तोंडावर हात ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

"खबरदार," ते म्हणाले. "ही माझी आहे."