गाण्यापुरते गेलेले बाबा

गायकाचे वडील सुतार होते आणि ठणठणीत होते. गाण्यात मात्र त्यांना जावं लागलं. तिसऱ्या कडव्यात रंधा थांबतो, कारखान्यात नुसता भुसा उरतो, आणि जिवंत माणसाच्या भुशाने कोणाला रडू येत नाही.

गायक स्वतःच गाणी लिहायचा, स्वतःच लोकगीताच्या ढंगात चाल लावायचा, गिटारवर स्वतःच गायचा आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकायचा. वर्षानुवर्षं त्याने कॅफेच्या कोपऱ्यात गळा काढला. लोक जेवत राहिले, कॉफीचं यंत्र घरघरत राहिलं. एका संध्याकाळी चिडून तो माइकमध्ये म्हणाला, "हे बाबा गेल्यावर लिहिलंय."

चमचे थांबले. यंत्रसुद्धा कोणीतरी बंद केलं.

तेव्हापासून बाबा दर कार्यक्रमात जात राहिले. मग गाणं रेडिओवर लागलं आणि बाबांची गिऱ्हाइकं दुसरा सुतार शोधू लागली. वखारवाल्याने सांत्वनासाठी घरी फोन केला, तो बाबांनीच उचलला. त्यानंतर वखारवाल्याने त्यांच्याकडचा फोन घेणंच सोडलं.

बाबा ओरडले नाहीत. गाणं पूर्ण ऐकून म्हणाले, "तू म्हणतोस तसा रंधा ओला झाला म्हणून त्याचा आवाज बंद होत नाही रे, लाकूड ओलं असलं तर होतो. बाकी ठीक. मी गेलो कशाने?"

"तसं काही लिहिलं नाही."

"कोणी विचारलं तर खोकल्याने म्हण. उगाच तुझ्या आईच्या स्वयंपाकावर यायला नको."

मग मोठ्या सभागृहातला कार्यक्रम ठरला. आयोजक बाईंनी वडिलांच्या आठवणीत स्टेजवर एक रिकामी खुर्ची ठेवायचं ठरवलं. गायकाने बाबांना येऊ नका म्हणून विनवलं. आजवर एकदाही न आलेले बाबा नेमके तेव्हाच हट्टाला पेटले. शेवटच्या रांगेत गुपचूप बसायचं, यावर तडजोड झाली.

तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी गिटारच्या पट्ट्याचा स्क्रू भोकातून निसटला आणि गिटार लोंबकळली. सैल स्क्रू बाबांना बघवत नसे, आणि पेचकस कायम खिशात असे. ते तडक स्टेजवर चढले, टेकायला दुसरं काही दिसेना म्हणून रिकाम्या खुर्चीत बसले, काडेपेटीतली काडी मोडून भोकात कोंबली आणि स्क्रू गच्च पिळला.

कुजबुज सुरू झाली. आयोजक बाई माइक घेऊन आल्या. "आपण कोण?"

गायक घाईघाईने गिटारच्या तारा जुळवू लागला. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"मी ह्याचा काका," ते म्हणाले. "गेला तो माझा थोरला भाऊ. हात फार चांगला होता त्याचा."

सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. बाबाही स्वतःसाठी मान खाली घालून उभे राहिले, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ.

घरी जाताना गायक म्हणाला की पुढच्या वेळी खरं सांगून टाकतो.

"राहू दे," बाबा म्हणाले. "गाणं चालतंय तोवर मी गेलेलाच बरा."

पुढच्या वर्षी ते खरोखर गेले, खोकल्यानेच. गायकाने नवं गाणं लिहिलं. त्यात काडीचा तुकडा होता, खिशातला पेचकस होता, आणि एकही शब्द खोटा नव्हता. ते घेऊन तो पहिल्या कॅफेत उभा राहिला. पण बाबा तर सगळ्यांच्या लेखी कधीच गेले होते. तो माइकमध्ये म्हणाला, "हे काका गेल्यावर लिहिलंय."

काकासाठी कोणी चमचा खाली ठेवला नाही. पुढच्या टेबलावर कोणीतरी मीठ मागितलं, कॉफीचं यंत्र घरघरू लागलं. पट्ट्याचा स्क्रू तेवढा गच्च होता.