सासूबाईंच्या खांद्यावरचा हात

"स्टुडिओवाल्याच्या दारात कशाला जायचं? घरी कॉम्प्युटर आहे, मी आहे!" हे मी ज्या क्षणी बोललो, त्या क्षणी माझी जीभ दाताखाली आली असती तर बरं झालं असतं. पण ऐनवेळी माझे दातही माझ्या बाजूने नसतात.

त्याचं असं झालं की सासूबाईंना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आमच्या केप कोस्ट शहरात एवढं आयुष्य निभावलेल्या बाईसाठी चर्चमध्ये देवाचे आभार मानायचा सोहळा करतात, आणि त्या दिवशी अख्खं कूळ एकाच कापडाचे कपडे शिवून येतं. बाईचा मान मोठा असेल तर कापडावर तिचा फोटो छापतात. म्हणजे कुळातल्या प्रत्येकाच्या पोटावर सासूबाई, पाठीवर सासूबाई आणि (माणूस खुर्चीवर टेकलं की) आणखीही एका ठिकाणी सासूबाई. तो फोटो स्टुडिओतून नीट करून घ्यावा, असं माझा मेहुणा जोजो म्हणत होता. मी मध्येच तोंड घातलं.

मला ही खुमखुमी का आली, ते सांगायला हवं. आमच्यात मुलं आईच्या कुळाची. म्हणजे माझी बायको एकुआ सासूबाईंच्या कुळातली, आमची दोन्ही मुलं सासूबाईंच्या कुळातली, आणि मी? मी फोटो काढणारा. कुळाच्या फोटोसाठी सगळे ओळीने उभे राहिले की कुणीतरी फार प्रेमाने माझ्या हातात कॅमेरा देतं. "कोबिना, तुझ्यासारखा फोटो कुणालाच काढता येत नाही." लग्न झाल्यापासून हेच चाललं आहे. त्या घरच्या अल्बमांत मी शोधूनही सापडत नाही. एखाद्या फोटोत संध्याकाळच्या उन्हामुळे माझी सावली पुढे पडलेली दिसते, तेवढीच माझी हजेरी.

सासूबाई मला वाईट वागवतात असं मुळीच नाही. त्या शिवणकाम करतात आणि माणसाकडेही कापडासारखंच बघतात: बोटांनी चाचपून, काही न बोलता. मला त्यांनी इतकी वर्षं चाचपलं, पण घ्यायचं की परत ठेवायचं ते सांगितलं नाही. त्यांच्या तोंडून एकदा तरी "शाब्बास, जावई" ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. पाणीखात्यातला कारकून याहून मोठी इच्छा धरत नाही.

पहिली अडचण फोटोचीच. सासूबाई फोटोत हसत नाहीत. प्रत्येक फोटोत त्यांचा चेहरा, समोरच्याने शिलाई उसवून आणल्यासारखा. हसरा फोटो एकच होता. ईस्टरला आम्ही समुद्रावर गेलो असताना एक लाट माझी चप्पल घेऊन गेली, मी लंगडत सासूबाईंच्या खांद्याचा आधार घेतला, त्या खळखळून हसल्या आणि एकुआने नेमका फोटो काढला. त्यात माझं घड्याळसुद्धा स्पष्ट दिसतं. (हे घड्याळ कायम मागे चालतं, आणि मी त्याच्याही मागे. त्याचा पट्टा तुटला तेव्हा सासूबाईंनीच निळ्या दोऱ्याने टाके घालून दिले होते, आणि "नवं घेत का नाहीस?" असंही विचारलं होतं.)

तर त्या घरातला माझा एकमेव फोटो घेऊन मी कॉम्प्युटरसमोर बसलो, आणि त्यातून स्वतःलाच काढून टाकायला लागलो. माझ्याइतका गुणी जावई दुसरा सापडणार नाही.

फोटो सुधारायचा प्रोग्रॅम मी ऑफिसातल्या एकाकडून घेतला होता. त्यात एक जादूची छडी असते. नको असलेल्या गोष्टीवर ती टेकवायची, की ती गोष्ट आपोआप निवडली जाते. मी माझ्या शर्टावर छडी टेकवली आणि डिलीट दाबलं. एकुआ मागे उभी होती.

"आईचं डोकं कुठे गेलं?"

"डोकं आहे. रुमाल गेला. माझा शर्ट आणि त्यांचा डोक्याचा रुमाल एकाच रंगाचे आहेत ना, म्हणून."

"आई टकली दिसतेय, कोबिना."

"आत्ता येईल परत. एक पायरी मागे जायचं, बस."

मी एक पायरी मागे गेलो. रुमाल आला, मीही आलो. पुन्हा छडी टेकवली. या वेळी समुद्र गेला.

"तू आधी हे कधी केलंयस का?"

"पुष्कळदा!" (ऑफिसात एकदा, साहेबांच्या डोळ्यांतला लाल रंग घालवताना. साहेबांचे डोळे पांढरेफटक झाले होते. ते वाढदिवसाच्या कार्डावर तसेच गेले.)

शेवटी छडी बाजूला ठेवून मी स्वतःला कडेकडेने कापलं. धड गेलं, डोकं गेलं, लंगडणारा पाय गेला. राहिला हात. तो सासूबाईंच्या खांद्यावर असा घट्ट बसला होता की पुसला की खांदा जाई आणि तिथे भोक पडे. भोक बुजवायला प्रोग्रॅममध्ये एक शिक्का असतो. चांगला भाग उचलायचा आणि वाईट भागावर मारायचा. मी चांगला भाग उचलला आणि मारला.

"आईला खांद्यावर कान आलाय," एकुआ म्हणाली.

"शिक्का जरा वर लागला."

"मग उतरव ना खाली!"

मी उतरवला. मग दंडावर डोळा आला. एकुआ स्वयंपाकघरात गेली. आपला संसार पाहवेनासा झाला की ती कांदा चिरायला घेते. मी मात्र चिकाटी सोडली नाही. ब्लाउजवरची फुलं एकेक करून खांद्यावर लावली, आणि संध्याकाळपर्यंत हात पूर्ण नाहीसा झाला. फोटोत सासूबाई एकट्या, हसऱ्या, मागे समुद्र. मी आनंदाने "एकुआ, ये, बघ!" म्हणून ओरडलो, आणि वीज गेली.

वीज जाणं आमच्याकडे नवीन नाही. नवीन एवढंच होतं की मी काहीच सेव्ह केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर मी देवाचं नाव घेऊन कॉम्प्युटर लावला. प्रोग्रॅमने अदबीने विचारलं, जतन न झालेली फाइल परत मिळवायची का? मला त्या यंत्राचा मुका घ्यावासा वाटला. फाइल उघडली. मी नव्हतो. समुद्र होता. रुमाल होता, हसू होतं, कान जिथल्या तिथे दोन. वीज पुन्हा जायच्या आत मी तो फोटो तडक कापड छापणाऱ्याला पाठवून दिला. खांद्याकडे बघायला कुणाला वेळ होता?

दुपारी छापणाऱ्याचा फोन आला.

"साहेब, फोटो झकास आहे. फक्त तो हात तसाच ठेवायचा का?"

सासूबाईंनी एक हात कमरेवर ठेवला होता, तो मला आठवला. मी म्हटलं, "अहो, ठेवा की! हात काढून कसं चालेल?"

"नाही, जरा वेगळं दिसतंय म्हणून विचारलं."

"त्यांची उभं राहायची तीच ऐट आहे. आमच्या घरात त्या हाताला फार मान आहे!"

"बरं साहेब," तो म्हणाला. तो आवाज कसा होता ते मला नंतर कळलं.

कापड आमच्या घरी आलंच नाही. बाजारातून ज्याचं त्याने आपापलं नेलं आणि शिवायला टाकलं. सोहळ्याच्या सकाळी एकुआ नवे कपडे घालून आरशासमोर उभी राहिली आणि तिने मला हाक मारली. नुसतं "कोबिना" म्हणाली, पण मी एका पायात बूट घालूनच धावलो.

"हा कुणाचा हात?"

कापडावर निळ्या गोलात सासूबाई हसत होत्या. त्यांच्या खांद्यावर एक हात होता. मनगटावर घड्याळ होतं. मनगटामागे काहीही नव्हतं, नुसता समुद्र. प्रोग्रॅमने मला माझी फाइल दिली होती खरी, पण शिक्का मारण्याच्या आधीची. एकुआच्या छातीवर तो हात होता, पोटावर होता, आणि पाठीवर दोनदा होता.

"सगळ्यांच्याच कपड्यांवर असेल?" मी विचारलं. (माणूस बुडताना काहीही विचारतो.)

चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि माझेच शेकडो हात दिसले. बाकांच्या रांगाच्या रांगा, आणि प्रत्येकावर मी मनगटापर्यंत हजर. बायका एकमेकींच्या पाठी वाचत होत्या. मोठी मावशी म्हणत होती, "गेलेल्या यजमानांचा असेल. आशीर्वाद द्यायला आलेत." दुसरी म्हणाली, "ते घड्याळ कुठे घालायचे?" जोजो माझ्या कानाशी आला. "दाजी, स्टुडिओवाल्याने संपूर्ण माणूस काढला असता." पहिल्या बाकावर सासूबाई शुभ्र कपड्यांत, ताठ बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला खरंच रडू येत होतं. बाईच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि मी त्याची शोभा करून ठेवली होती.

मग पाद्रीबुवा उठले. त्यांनी समोरच्या गर्दीच्या कपड्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, संपलं.

"भावांनो, बहिणींनो," ते म्हणाले, "ज्याने हे कापड केलं त्याला दृष्टी आहे! विधवा बाई, एकटीने मुलं वाढवली. पण ती एकटी होती का? बघा तिच्या खांद्यावर! हा हात कुणाचा?"

मी बाकाखाली जागा आहे का ते पाहत होतो.

"देवाचा!" पाद्रीबुवा गरजले. "त्याचं शरीर दिसत नाही, हात दिसतो! आणि मनगटावर काय आहे? घड्याळ! कारण कुणाला कधी सांभाळायचं, याची वेळ त्याला कळते!"

चर्च दणाणून गेलं. बायका उठून नाचायला लागल्या, रुमाल फिरवायला लागल्या. मोठी मावशी माझ्या हाताला (म्हणजे तिच्या पोटावरच्या) हात लावून डोळे पुसत होती. एकुआने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडात पदरासारखा कापडाचा बोळा कोंबला. तिचे खांदे हलत होते. आसपासच्यांना ती रडतेय असं वाटलं.

जेवणाच्या वेळी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. कापडाचं टोक त्यांनी दोन बोटांत धरलं होतं.

"हा निळा टाका माझा आहे," त्या म्हणाल्या.

मी खाली मान घातली. "आई, चुकलं माझं. वीज गेली, मग ती फाइल..."

"पाद्रीबुवा बोलत होते तेव्हाच मी ओळखलं. देवाचं घड्याळ मागे चालत नसणार." त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "असू दे. त्या दिवशी तू धडपडलास, पण मला पडू दिलं नाहीस. फोटो घेतायत, चल. माझ्या शेजारी उभा राहा."

"कुळाच्या फोटोत?"

"मग काय झाडाच्या फोटोत? आणि हात तिथेच ठेव. लोकांना सवय झालीय."

मी शर्ट खोचला, केस सारखे केले आणि सगळ्यांच्या देखत कुळाच्या ओळीत जाऊन सासूबाईंच्या शेजारी उभा राहिलो. खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास" त्या म्हणाल्या नव्हत्या, पण मला ते ऐकू आलं होतं. आयुष्यात इतकं छान मी कधीच हसलो नसेन.

पण मी ओळीत आलो म्हणजे कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे तरी जाणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो जोजोकडे गेला. जोजोने आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता.

तो फोटो आता मोठा करून सासूबाईंच्या बैठकीत लावला आहे. सगळं कूळ त्यात आहे. एका टोकाला सासूबाई आहेत, चक्क हसताना. चौकट त्यांच्या खांद्यापाशी संपते आणि त्या खांद्यावर, घड्याळासकट, मनगटापर्यंत मी आहे. पाहुणे आले की वाकून विचारतात, "हा हात कुणाचा?"

माझी धाकटी पोर खेळातून मान वर न करता सांगते, "देवाचा."