तात्पुरत्या बाईंच्या पदाचे इतिवृत्त

ज्ञान शोधणे आणि ज्ञान वाटणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत, या उदात्त हेतूने जगात विद्यापीठे निघाली. असा माणूस घाईघाईने नेमला जाऊ नये, या त्याहून उदात्त हेतूने समित्या निघाल्या. आमच्या विधी विद्याशाखेत दोन्ही हेतू सुखाने नांदतात. दुसरा जरा ऐसपैस नांदतो. मी या विद्याशाखेचा सचिव. इतिवृत्त लिहिणे हे माझे काम, आणि पुढील मजकूर हे इतिवृत्तच आहे. त्यात माझे मत कुठेही नाही. (मत आवरत नसल्यास कंसात घालावे, असा नियम आहे.)

आमच्याकडे अकरा वर्षांपासून एक पद रिक्त आहे: अध्यापन व संशोधन, पूर्णवेळ, कायम. पद रिक्त असले तरी काम रिक्त नाही. ते तात्पुरत्या बाई करतात. बाईंना स्वतःचे नाव आहे, ते नेमणूकपत्रावर असते. पण ते पत्र दर सहा महिन्यांनी नवे निघत असल्याने नाव कोणाच्या तोंडी बसलेच नाही. विद्यार्थ्यांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना तात्पुरत्या बाई म्हणतात. इतरांच्या दारांवर पितळी पाट्या आहेत. बाईंच्या दारावर ‘तात्पुरती’ असे लिहिलेला कागद चिकटपट्टीने लावला आहे. चिकटपट्टी दर पावसाळ्यात सुटते आणि बाई ती स्वतःच बदलतात.

बाईंच्या मुलीने शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘तात्पुरती’ असे लिहिले, तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला.

“अगं, शिक्षिका लिहायचं ना!”

“पण आई, तुझ्या दारावर तसंच लिहिलंय. मी वाचलं ना परवा.”

मुलगी नऊ वर्षांची आहे. म्हणजे ती आईच्या तात्पुरतेपणाहून दोन वर्षांनी धाकटी. त्या दिवसापासून बाईंची इच्छा एकच राहिली: आपल्या नावाची पितळी पाटी, चार स्क्रूंची. स्क्रू अशासाठी, की ते पावसाळ्यात सुटत नाहीत. (मला ही मागणी रास्त वाटली.)

पदाच्या कामाची विभागणी शास्त्रशुद्ध आहे. अध्यापन चाळीस टक्के, संशोधन चाळीस टक्के, प्रशासकीय मदत चाळीस टक्के. (बेरीज हा शेजारच्या इमारतीतला विषय असल्याने आम्ही त्यात ढवळाढवळ करत नाही.) बाई नैसर्गिक न्याय शिकवतात. कोणीही स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नये, आणि निर्णयाआधी प्रत्येकाचे म्हणणे ऐकावे, एवढाच तो विषय. वर्गात एकशे चाळीस मुले असतात आणि विद्याशाखेच्या इतिहासात प्रथमच ती जागी असतात. वर्गातून हसण्याचा आवाज येतो, अशी लेखी तक्रार दोनदा आली आहे.

संशोधनात मात्र आमचे अधिष्ठाता सर्वांच्या पुढे आहेत. त्यांचा ग्रंथ चारशे बारा पानांचा असून त्यात मजकूर नऊ पाने आणि तळटीपा चारशे तीन पाने आहेत. दोनशे अठराव्या तळटीपेत ‘पाहा: तळटीप एकतीस’ असे आहे आणि एकतिसाव्या तळटीपेत ‘पाहा: तळटीप दोनशे अठरा’ असे आहे. ग्रंथ आजवर एका मुद्रितशोधकाने पूर्ण वाचला. तो आता मधमाश्या पाळतो आणि सुखात आहे.

दोन वर्षांपूर्वी अधिष्ठात्यांनी पद भरायचे ठरवले. जाहिरातीचा मसुदा करायला समितीला चौदा महिने लागले, कारण आम्ही कायद्याची माणसे आहोत आणि व्याख्येशिवाय आमचे पाऊल पुढे पडत नाही. ‘अध्यापक म्हणजे अध्यापन करणारी व्यक्ती; यात अध्यापन न करणाऱ्या अध्यापकाचाही समावेश होईल.’ हे वाक्य एकमताने संमत झाले. (दुसरा भाग आधी संमत झाला.) मग ‘अध्यापकाने आपल्या खुर्चीवर वेळेत उपस्थित राहावे’ या वाक्याशी घोडे अडले. खुर्ची कशाला म्हणावे? समितीतले ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना सगळे पोटकलम सर म्हणतात, त्यांनी उन्हाळ्याची सुट्टी घालवून खुर्चीची साडेतीन पानी व्याख्या केली. पाय किती, पाठ किती अंशांत कललेली, हात असल्यास काय, नसल्यास काय. शेवटी एकतीस पानांची जाहिरात निघाली. तिला तीन अर्ज आले.

पहिला अर्ज तात्पुरत्या बाईंचा.

दुसरा एका फर्निचरवाल्याचा. त्याने साडेतीन पाने डोळ्यांत तेल घालून वाचली आणि तशा खुर्चीचा भाव कळवला होता.

तिसऱ्या पाकिटात फक्त कोरा फॉर्म होता. पाठवणारा तो भरायला विसरला असावा. पाकिटावर त्याचा पत्ताही नव्हता.

आता आमच्या पद्धतीतील एक गोष्ट सांगितली पाहिजे, जिचा इतर विद्यापीठांना हेवा वाटतो. समितीचा कोणताही निर्णय लगेच अंतिम होत नाही. विद्याशाखेशी काडीचाही संबंध नसलेल्या एका माणसाला इतिवृत्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला दिले जाते. याला तटस्थ वाचक म्हणतात. शेवटची ओळ संपण्याआधी त्याने ‘माझी हरकत आहे’ एवढे तीन शब्द मोठ्याने म्हटले, की निर्णय रद्द आणि नव्याने सुनावणी. कारण विचारले जात नाही. इतकी उदार तरतूद मी कुठे पाहिली नाही. आजवर सव्वीस तटस्थ वाचक झाले, त्यात एक दंतवैद्य, एक नळदुरुस्तीवाला आणि चुकीच्या मजल्यावर उतरलेल्या एक आजी होत्या. हरकती शून्य. नळदुरुस्तीवाल्याने ‘माझी’ एवढे म्हटले होते, पण पुढे ‘पिशवी कुठंय?’ असे विचारून तो गेला.

मुलाखतीला बाई नवी साडी नेसून आल्या. हातात अकरा वर्षांची बावीस नेमणूकपत्रे, चौदा शोधनिबंध आणि विद्यार्थ्यांची सहाशे अभिप्रायपत्रे होती. अधिष्ठात्यांनी त्यांतले काहीही न उघडता नियम चौदा काढला. नियम असा, की पदावर सध्या काम करणाऱ्या व्यक्तीचे ना-हरकत पत्र उमेदवाराने जोडावे, आणि त्या व्यक्तीशी उमेदवाराचा निकटचा संबंध नसावा.

“पत्र जोडलंय, सर,” बाई म्हणाल्या. “माझी मला हरकत नाही, असं मीच लिहून दिलंय.”

“छान. आता या व्यक्तीला तुम्ही किती वर्षं ओळखता?”

“कुठल्या व्यक्तीला?”

“पत्र देणाऱ्या.”

“सर, ती मीच आहे.”

“प्रश्नाचं उत्तर द्या, बाई.”

“जन्मापासून ओळखते,” बाई म्हणाल्या.

“एकाच घरात राहता?”

“हो.”

पोटकलम सरांनी हळहळून मान हलवली. “संबंध फारच निकट आहे हो. शिवाय पत्र देणाऱ्या बाई यांना पद मिळावं म्हणून उघड उघड झटताहेत.”

इथे एक बाब नोंदवणे भाग आहे. नियम चौदाचा मसुदा नऊ वर्षांपूर्वी प्रशासकीय मदतीच्या चाळीस टक्क्यांत तात्पुरत्या बाईंनीच केला होता. वशिल्याचे उमेदवार येऊ नयेत म्हणून त्यांनी एकेक फट हुडकून बुजवली. अधिष्ठात्यांनी तेव्हा त्यांची पाठ थोपटली होती. मुलाखतीत बाईंनी पळवाटेसाठी नियम तीनदा वाचला. एकही सापडली नाही. (त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. मला फार वाईट वाटले. वाईट वाटल्याचा रकाना इतिवृत्ताच्या तक्त्यात नाही.)

बाई अपात्र ठरल्या. मग फर्निचरवाला आला. तो नमुन्याची खुर्ची खांद्यावर घेऊनच आला आणि तिच्यावरच बसला. समितीवर त्याची चांगली छाप पडली. पदाशी, विद्यार्थ्यांशी आणि कायद्याशी त्याचा दूरान्वयानेही संबंध नव्हता. इतका निष्पक्ष उमेदवार पोटकलम सरांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

“कायद्याबद्दल आपलं काही मत?” अधिष्ठात्यांनी विचारले.

“काही नाही बुवा.”

“उत्तम!”

“पण साहेब, एक विचारू का? बाहेर त्या बाई बसल्यात ना, त्या म्हणे अकरा वर्षं हेच काम करताहेत. मग त्यांनाच द्या की! मला काय, मी खुर्ची देतो आणि जातो.”

अधिष्ठाता पाणी प्यायले. मग उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने साक्ष दिली, सबब त्याची निष्पक्षता संपुष्टात आली, असा शेरा मारून त्यालाही अपात्र ठरवण्यात आले. खुर्ची मात्र व्याख्येत तंतोतंत बसत असल्याने ठेवून घेतली.

राहिला कोरा अर्ज. समितीने तो उलटसुलट करून, उजेडासमोर धरून तपासला. त्यात एकही चूक सापडली नाही. खोटी माहिती नाही, अतिशयोक्ती नाही, कोणाशी संबंध नाही. पोटकलम सर तर म्हणाले, “इतका नेटका अर्ज मी तरी पाहिला नाही. किती संयमी माणूस असेल!” अकरा वर्षे रिक्त असलेले पद त्याच दिवशी कोऱ्या अर्जदाराने एकमताने भरले गेले. नेमणूक कायम. पितळी पाटी चार स्क्रूंनी बसवली आहे; तिच्यावर अर्थात काही लिहिलेले नाही. शिपाई ती रोज पुसतो.

कोरे सर (हे नाव विद्यार्थ्यांनी दिले) रुजू होईपर्यंत त्यांचे वर्ग, त्यांचे संशोधन आणि त्यांची प्रशासकीय मदत तात्पुरत्या बाई पाहतील. पद आता रिक्त नसल्याने त्याची जाहिरात पुन्हा कधीही निघणार नाही. कोरे सरांचे काम समाधानकारक असल्याचा सहामाही अहवालही बाईंनीच लिहायचा आहे. पहिला अहवाल त्यांनी दिला. कोरे सरांना बढती मिळेल असे दिसते.

बाईंनी दारावर आता नवी चिकटपट्टी लावली. मुलीने विचारले, “आई, म्हणजे आता तू कायमची तात्पुरती?” बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, “सचिव, तटस्थ वाचकाने अजून वाचलं नाहीये ना? मग आशा आहे. कोणीतरी शहाणा माणूस वाचेल, त्याला हे पटणार नाही, आणि तो म्हणेल ते तीन शब्द. सांगा ना, या वेळी वाचक कोण आहे?”

मी त्यांना सांगितले. वाचक म्हणजे हे इतिवृत्त आता वाचणारे तुम्ही. विद्याशाखेशी तुमचा काहीही संबंध नाही, बाईंशी नाही, कोरे सरांशी नाही. तुमची निवड रीतसर झाली आहे आणि तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर आला आहात. बाई दाराबाहेर उभ्या आहेत. त्यांनी तुम्हाला दोन-तीनदा हसताना ऐकले, आणि हसतोय म्हणजे याला कळतंय, असे त्या मला हळूच म्हणाल्या.

ही शेवटच्या ओळीच्या आधीची ओळ आहे, आणि ती मी मुद्दाम सावकाश लिहितो आहे.

हरकत आली नाही, निर्णय कायम.