निखारे सरांचा 'हँड'

निखारे सर भेटले की आधी वाट अडवतात आणि विचारतात, "हँड म्हणजे काय, सांग?" हात असं उत्तर दिलंत की नापास. घड्याळाचा काटा हँड, मिलमधला मजूर हँड, पत्त्यांच्या डावात वाट्याला आलेली पानंही हँडच. पवनीच्या शाळेत इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, पण या शब्दातून काही निवृत्त झाले नाहीत. त्याच्या वाक्यांनी त्यांची एक अख्खी वही भरली आहे. मी शेजारी, त्यामुळे माझी परीक्षा रोजची.

त्या सकाळी मात्र मला त्यांचा संताप आला. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, उजव्या हाताचं प्लास्टर काढायचं होतं, म्हणून मी दोघांना गाडीतून भंडाऱ्याला नेत होतो. काकू हातमागावर साड्या विणतात. पडून मनगट मोडलं, तेव्हापासून एक साडी अर्धीच मागावर आहे. बोटं वळणार की नाही ते आज कळणार होतं. काकू मागे गप्प बसलेल्या, आणि हे माझ्या शेजारी बसून वाटेतलं अड्याळ गाव मागे पडलं तरी हँडची वाक्यंच ऐकवत होते. माणसाला काही काळवेळ असावी की नाही?

दवाखान्यात प्लास्टर कापलं. आतला हात वाळून गेला होता. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली. काकूंनी दात आवळले, कपाळावर घाम आला. अंगठा तेवढा हलला. रोज व्यायाम करा, महिनाभराने बघू, पण खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सरांची वाक्यं तिथेच थांबली.

बाहेर बाकावर बसल्यावर काकू म्हणाल्या, "गल्लीतल्या सुमनले सांगा, थे बी विणते, थे साडी पुरी करून टाकीन."

"नाही," सर म्हणाले. "विणताना दुसऱ्याच्या हाताचा ठोका पडला का थो कापडात दिसते."

"अन् माही बोटं वळलीच नाही तं?"

सर म्हणाले, "चाळीस वर्षं तुह्या मागाचा आवाज ऐकत आलो. थो बंद पडला तं घर खायले उठते मले. म्हणून बडबड करून राहिलो सकाळपासून."

मला माझ्या सकाळच्या संतापाची लाज वाटली.

परतताना सर मागे काकूंशेजारी बसले. पवनी येईपर्यंत ती वाळलेली बोटं ते एकेक करून हळूच मिटत होते आणि उघडत होते.