गणोजींना हाक कोण मारणार?

पोराचं नाव मीच ठरवणार, हे मी सातव्या महिन्यातच जाहीर केलं होतं! पाळण्यात नाव आत्या ठेवते, कबूल. पण आत्याच्या कानात सांगणार कोण? मी! मी सांगितलं, गणोजी. थेट सासऱ्यांचं! धारचं संस्थान गेल्यापासून माझे सासरे आबासाहेब गप्पगप्प असायचे, ते तीन दिवस मिशा पिळत गावभर हिंडले.

चौथ्या दिवशी मला घाम फुटला. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं कसं? आणि त्या नावाला धपाटा घालायचा कसा? "अहो, माती खाऊ नका!" मी रांगत्या पोराला हात जोडायची. ते खायचे!

ते तीन वर्षांचे झाले तेव्हाची गोष्ट. आबासाहेबांबरोबर आम्ही तिरल्याच्या बाजाराला गेलो. आबासाहेब बैलाचा दोर बघायला पुढे गेले, मी बांगड्या बघत राहिले, आणि वळून पाहते तो पोर नाही!

"गेला हो, गेला!" मी धावत सुटले.

"कौन गुमा, बाई? नाम बोलो, आवाज लगा दूँ!" बांगडीवाला फत्तेसिंग उठला.

नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. "वो... हमारे ससुरजी का..."

"अरे भिया, बाई के ससुरजी गुम गए रे!"

सारा बाजार म्हातारे शोधायला लागला! पाचच मिनिटांत दोन हजर केले. एक बोळका, एक संतापलेला.

"इनमें से छाँट लो, बाई!"

"मैं किसी का ससुर नहीं हूँ!" संतापलेला ओरडला.

बाजाराच्या टोकाला विहीर होती. बिनकठड्याची. ती दिसली मात्र, माझी सगळी रीतभात गळून पडली. डोळे मिटले आणि छाती फुटेल अशी ओरडले, "गण्या! अरे गण्या, मेल्या, कुठं उलथलास?"

"इथं आहे," मागून जाड आवाज आला.

आबासाहेब! खांद्यावर पोर, पोराच्या तोंडात बत्तासा. आजोबांच्या मागे गेला होता मेला! मी पदर ओढून धरणी दुभंगायची वाट बघत उभी राहिले.

आबासाहेबांनी पोराला खांद्यावरून उतरवलं. मग हळूच म्हणाले, "आई गेल्यापासून असं कुणी ओरडलं नव्हतं, सूनबाई." डोळे पुसले. "घरीसुद्धा असंच म्हणत जा."

म्हणते. आता हाक मारली की दोघंही धावत येतात. फक्त जेवायला. आंघोळीला एकही नाही!