बानाबाईंचा मेंदू आणि केशव सरांची बादली

"माझ्या जलरंगाच्या वर्गात कुणीही येऊन बसा, दहा मिनिटांत डोकं शांत!" केशव सरांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. "आता तर मशीनच साक्ष देईल!"

मशीन मेंदूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचं. शंतनू आणि अश्लेषा माणसाच्या डोक्यावर वायरींची टोपी चढवत आणि मेंदूत काय चाललंय त्याची रेघ पडद्यावर दाखवत. सरांनी चित्रं शिकवायची, यांनी मेंदू मोजायचे, अशी कॉलेजची नवी टूम! जमलं तर विभागप्रमुख दमयंती मॅडम सरांना वर्षभराचा वर्ग देणार होत्या. सर शहागंजात दुकानांच्या पाट्या रंगवत, पण फ्लेक्सनं ते कामही खाऊन टाकलेलं. त्यांना हा वर्ग काहीही करून हवा होता.

दुष्काळ मी म्हणत होता. शहर वाढत बायपासच्या पार गेलं, पण नळ आला तर आठवड्यातून एकदा. कॉलेजच्या टाकीत त्या दिवशी पाणी होतं, हे सरांचं नशीब!

वर्गाला आलेल्यांमधून टोपीसाठी बानाबाई पुढं आल्या. मेंढरं विकून चितेगावच्या कारखान्यात लागलेल्या, हौशी बाई.

"करंट नाय ना बसायचा?"

"नाही हो मावशी," अश्लेषा हसली.

बानाबाईंनी मेंढरू काढायला घेतलं. रेघ संथ चालली. तेवढ्यात सरांनी ब्रश खळबळून मगभर रंगाचं पाणी बेसिनमध्ये ओतलं. रेघ टुणकन उडाली!

"प्रतिभा जागी झाली!" सर ओरडले.

"सर, पण आपण शांतता मोजतोय ना?" शंतनूनं विचारलं.

"शांतता नंतर! आधी प्रतिभा!"

दमयंती मॅडम दारात दिसल्या तसा सरांना चेव आला. त्यांनी दुसरा मग ओतला. रेघ वर! तिसरा ओतला. आणखी वर! बानाबाईंचा ब्रश केव्हाच थांबला होता, डोळे बेसिनवर खिळलेले.

"एकाग्रता बघा, मॅडम!" म्हणत सरांनी पाण्यानं भरलेली अख्खी बादलीच उचलली.

झालं! बानाबाई टोपीसकट उठल्या. वायरी ताणल्या, मशीन टेबलावरून घसरलं, शंतनूनं ते पोटाशी धरलं. बानाबाईंनी बादलीची कडी पकडली.

"मास्तर, लाज वाटू द्या! आमच्याकडं आठ दिसाला टँकर येतो. शिकवणाऱ्याला कसं बोलावं म्हून गप बसले, पर काळीज लई तुटाया लागलं बगा!"

"म्हणजे मघापासून..." सरांनी बादलीकडं आणि मग पडद्याकडं पाहिलं.

"व्हय! तुमी वतलं की माझा जीव वरखाली!"

सर बादलीसकट मटकन स्टुलावर बसले. वर्ग गेला, हे त्यांना कळून चुकलं. बायकोला काय सांगायचं, याची बिचारे जुळवाजुळव करू लागले.

पण मॅडम पडद्यासमोरून हलेनात. शंतनू तर आनंदानं नाचायचाच बाकी होता. जिवाची घालमेल इतकी स्वच्छ त्यांच्या मशीनवर आजवर उमटली नव्हती!

"केशवराव, वर्षभर तुम्ही आम्हाला हवेच!" मॅडम म्हणाल्या.

सर ताडकन उठले. "कोणते रंग आणू, मॅडम?"

"रंग नकोत. आता आपण शांतता नाही, घालमेल मोजायची. लोकांसमोर बादली उचलायची आणि ओतल्यासारखं करायचं. थेंबही न सांडता!"

सरांनी मान डोलावली. बानाबाई टोपी काढता काढता म्हणाल्या, "मग आत्तापासून सवय करा. ठिवा ती बादली खाली."